स्वमग्नतेच्या परीक्षेचा इतिहास : वाणी आणि अंगुलिनिर्देश

मूल स्वमग्न आहे किंवा कसे, हे ठरविण्याची शास्त्रीय रीत जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांची आहे. रक्ताची तपासणी किंवा मेंदूचे छायाचित्र यांवरून हा निर्णय आजही देता येत नाही. तो दोनच गोष्टींवर उभा असतो : मुलाच्या सहवासात राहणारी माणसे काय सांगतात, आणि परीक्षकास समक्ष काय दिसते. त्यामुळे या परीक्षेचा इतिहास हा मुख्यतः साक्षीचा इतिहास आहे. कोणाची साक्ष ग्राह्य मानली गेली, कोणती खूण प्रमाण ठरली आणि ती कोणत्या भाषेत विचारली गेली, या तीन प्रश्नांभोवती तो फिरतो. तिसरा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो. परंतु पहिल्या दोहोंचा विचार केल्यावाचून त्याचे महत्त्व ध्यानात येत नाही.

आरंभी दोन संज्ञांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. चाळणी ही अनेक मुलांमधून अधिक तपासणीची गरज असलेली मुले वेगळी काढण्याची क्रिया होय. मूल्यमापन ही त्या वेगळ्या काढलेल्या एकेका मुलाची सविस्तर परीक्षा होय. चाळणीत अडकलेले मूल स्वमग्न असतेच असे नाही आणि चाळणीतून सुटलेले मूल स्वमग्न नसतेच असेही नाही. हा भेद आज उघड वाटतो. प्रत्यक्षात तो प्रस्थापित होण्यास अर्धे शतक लागले.

‘ऑटिझम’ ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास रूढ केली. ती त्यांनी प्रौढांच्या छिन्नमनस्कतेतील एका लक्षणासाठी योजली होती. ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून ती साधलेली आहे. मराठीतील ‘स्वमग्नता’ हा शब्द तिचाच अर्थानुवाद असून तिचा दोषही त्यात उतरला आहे. ‘मग्न’ या पदाने मूल बुद्ध्या आपल्यात रमले आहे, त्यास बाहेर यावयाचे नाही, असे सुचविले जाते. वस्तुतः ही अवस्था स्वेच्छेची नाही. मॉस्को येथील ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्ये अशा काही मुलग्यांचे बारकाईने वर्णन केले होते. परंतु त्याकडे पश्चिमेचे लक्ष फार उशिरा गेले.

परीक्षेच्या दृष्टीने खरा आरंभ लिओ कॅनर यांच्यापासून करावा लागतो. ऑक्टोबर १९३८ मध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांच्याकडे पाच वर्षांचा एक मुलगा आणला गेला. भेटीपूर्वी त्याच्या वडिलांनी टंकलिखित तेहतीस पृष्ठांचे एक पत्र पाठविले होते. मूल काय बोलते, कशात रमते, कोणत्या गोष्टीने बिथरते, हे सर्व त्यात तपशीलवार नोंदलेले होते. या विकाराच्या अभ्यासातील पहिला दस्तऐवज डॉक्टरच्या लेखणीतून आलेला नसून पित्याच्या पत्रातून आलेला आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१९४३ मध्ये कॅनर यांनी अकरा मुलांवरील आपला प्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. त्यांत आठ मुलगे व तीन मुली होत्या. यांपैकी काहींस पूर्वी बहिरी, तर काहींस मंदबुद्धी समजले गेले होते. आठ मुले बोलू लागली होती व तीन मुकी राहिली होती. बोलणाऱ्यांच्या भाषेतील काही विशेष कॅनर यांनी टिपले. मुले ऐकलेले वाक्य जसेच्या तसे, कधी त्याच क्षणी तर कधी बऱ्याच कालावधीनंतर, उच्चारीत. सर्वनामे ऐकली तशीच वापरीत. त्यामुळे स्वतःसाठी ‘तू’ आणि समोरच्यासाठी ‘मी’ असा उलटा प्रयोग होई. पायांतील बूट आईने काढावा असे वाटले म्हणजे ‘माझा’ न म्हणता मूल ‘तुझा’ म्हणे. कारण आईच्या तोंडून त्याने तेच ऐकलेले असे. होकार द्यावयाचा तर प्रश्नच पुन्हा उच्चारी.

‘मी’ व ‘तू’ ही पदे वक्ता बदलताच आपला निर्देश बदलतात, याचे विवेचन रोमान याकोबसन यांनी १९५७ मध्ये केले आणि बालकास ती उशिरा साधतात हेही दाखविले. सर्वनामांची उलटापालट ही म्हणून स्मरणशक्तीची चूक मानता येत नाही. बोलणारा आणि ऐकणारा या भूमिका आलटून पालटून घ्यावयाच्या असतात, ही जाण त्या ठिकाणी दुबळी असते.

१९४६ मध्ये कॅनर यांनी या मुलांच्या वरकरणी असंबद्ध भाषेवर स्वतंत्र निबंध लिहिला. त्यातील एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. एक मूल स्वयंपाकाचे पातेले दिसले की एका बालगीतातील शब्द म्हणत असे. परक्या श्रोत्यास त्याचा काहीच अर्थ लागत नसे. मूल दोन वर्षांचे असताना आई ते गीत म्हणत होती आणि त्याच वेळी तिच्या हातून पातेले खाली पडले होते, हे समजल्यावर तो शब्द सार्थ ठरला. मुलाने त्या वस्तूस खाजगी नाव दिले होते आणि त्या नावाची व्युत्पत्ती केवळ आईस ठाऊक होती. आईची साक्ष नसती, तर परीक्षकाने तो शब्द निरर्थक बडबड म्हणून नोंदविला असता.

कॅनर यांच्या १९४३ च्या निबंधात आणखी एक निरीक्षण आहे, ज्याचे महत्त्व पुढे सत्तर वर्षांनी पटले. बोलणारी आठ व न बोलणारी तीन मुले यांच्यात दुसऱ्याशी संवाद साधण्याच्या दृष्टीने मूलभूत फरक नाही, असे त्यांनी म्हटले होते. वाणी असणे आणि संवाद असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे सूत्र त्यात बीजरूपाने आहे. परंतु पुढील काळात बाहेरून सहज मोजता येणारी गोष्ट म्हणून वाणीच प्रमुख खूण बनली.

मूल्यमापनाने माणसाचे कल्याणच होते असे गृहीत धरता येत नाही, हे सांगणारा एक प्रसंग याच काळातला आहे. व्हिएन्ना येथील हान्स आस्पेर्गर यांनी १९४४ मध्ये अशाच प्रकारच्या मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी काही अपंग मुलांस ‘आम श्पीगलग्रुंड’ या नाझी संस्थेकडे पाठविले होते आणि त्या संस्थेत मुलांची हत्या होत असे, हे २०१८ मध्ये दप्तरांच्या आधारे पुढे आले. परीक्षेचा निर्णय कोणत्या व्यवस्थेच्या हाती पडतो, यावर त्याचे मोल अवलंबून असते.

कॅनर यांनी १९४३ मध्ये हा विकार जन्मजात असल्याचे म्हटले होते. तथापि पालकांच्या भावनिक थंडपणाचाही उल्लेख केला होता. १९४९ च्या लेखात त्यांनी दुसऱ्या मुद्द्यावर अधिक भर दिला. मनोविश्लेषणाच्या प्रभावकाळात हा मुद्दा पाहता पाहता सिद्धान्त बनला आणि ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने तो लोकप्रिय केला. आईच्या मायेचा अभाव हेच कारण असे सांगितले जाऊ लागले. याचा परीक्षेवर झालेला परिणाम पुरेसा चर्चिला गेलेला नाही. ज्या आईच्या सांगण्यावरून निदान करावयाचे, तीच आरोपी ठरली. तिने सविस्तर सांगितले तर तो तिच्या अलिप्तपणाचा पुरावा, आणि सांगताना ती रडली तर तो तिच्या अस्थिरपणाचा पुरावा. मराठीत ‘एखाद्याकडे बोट दाखवणे’ याचा अर्थ दोष देणे असा होतो. त्या काळात परीक्षकाचे बोट आईकडे होते.

हे बोट खाली येण्यास पालकच कारण झाले. लंडन येथे १९६२ मध्ये पालकांनी एकत्र येऊन संस्था स्थापन केली. मनोविकारतज्ज्ञ असलेल्या व एका स्वमग्न मुलीच्या आई असलेल्या लॉर्ना विंग त्यांत होत्या. अमेरिकेत बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता होता, १९६४ च्या आपल्या ग्रंथात मातृदोषाच्या सिद्धान्ताचे खंडन केले. त्या ग्रंथास प्रस्तावना कॅनर यांची होती. ग्रंथाच्या शेवटी पालकांनी भरावयाची एक प्रश्नावली जोडलेली होती. प्रश्नावलीच्या रूपाने आई-वडिलांची साक्ष पुन्हा दप्तरात दाखल झाली. १९६९ मध्ये कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांस जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन व मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या एकवीस जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकबीज जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. द्विबीज जुळ्यांच्या दहा जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे नव्हते. आनुवंशिकतेचा वाटा यावरून स्पष्ट झाला.

दरम्यान गणनेस आरंभ झाला होता. व्हिक्टर लॉटर यांनी इंग्लंडमधील मिडलसेक्स परगण्यात आठ ते दहा वर्षे वयाच्या सुमारे ७८,००० मुलांची पाहणी केली आणि १९६६ मध्ये दर दहा हजारांत ४.५ हे प्रमाण नोंदविले. लॉर्ना विंग व ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनच्या कँबरवेल भागात केलेली पाहणी १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅनर यांच्या काटेकोर वर्णनात बसणारी मुले त्यांसही दर दहा हजारांत ४.९ इतकीच आढळली. परंतु सामाजिक देवघेवीत तशीच उणीव असलेली मुले दर दहा हजारांत २१ होती. व्याख्येची चौकट रुंदावली की पूर्वी न दिसणारी मुले दिसू लागतात, हा त्या पाहणीचा धडा होय. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांतील २०२२ सालचे प्रमाण ३१ मुलांमागे एक असे २०२५ मध्ये जाहीर झाले. या वाढीतील मोठा भाग व्याख्या रुंदावल्याने व शोध वाढल्याने आलेला आहे, हे ध्यानात न घेतल्यास आकड्यांचा अनर्थ होतो.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९८० च्या निदानपुस्तिकेत बालस्वमग्नतेस प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. भाषाविकासातील ठळक उणीव हा तीमधील एक निकष होता आणि पुनरुच्चार व सर्वनामांची उलटापालट यांचा त्यात उल्लेख होता. त्याच वर्षी एरिक शॉप्लर व त्यांच्या सहकाऱ्यांची पंधरा मुद्द्यांची मापनश्रेणी प्रसिद्ध झाली. १९८९ मध्ये आणखी दोन साधने पुढे आली : पालकांची सविस्तर मुलाखत, आणि खेळाच्या व संभाषणाच्या ठरावीक प्रसंगांतून मुलाचे प्रत्यक्ष निरीक्षण. साक्ष व निरीक्षण ही दोन्ही अंगे येथे प्रथमच सारख्या काटेकोरपणे बांधली गेली. परंतु ही साधने मुख्यतः निदान करण्याइतक्या वाढलेल्या मुलांसाठी होती. दीड वर्षाच्या मुलाचे काय करावयाचे? ज्याचे बोलणेच अद्याप सुरू व्हावयाचे आहे, त्याच्या बोलण्यातील दोष कसा शोधावा?

या प्रश्नाचे उत्तर भाषाशास्त्राच्या अंगणातून आले. एलिझाबेथ बेट्स, लुइजिया कामायोनी आणि व्हर्जिनिया व्होल्तेरा यांनी १९७५ मध्ये इटालियन बालकांच्या शब्दपूर्व हावभावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी अंगुलिनिर्देशाचे दोन प्रकार केले. बिस्किटाकडे बोट करून ते मागणे हा पहिला. त्यात दुसरी व्यक्ती वस्तू मिळविण्याचे साधन असते. आकाशातील पक्ष्याकडे बोट करून आईकडे वळून पाहणे हा दुसरा. त्यात मुलास काही मिळवावयाचे नसते, आपल्याला दिसले ते आईलाही दिसावे एवढीच इच्छा असते. पहिल्यास मागणीचा व दुसऱ्यास निवेदनाचा अंगुलिनिर्देश म्हणता येईल. विधानवाक्याचा उगम या दुसऱ्या प्रकारात आहे. मराठीतील ‘दाखवणे’ या क्रियापदाचा प्रयोजक अर्थ येथे नेमका लागू पडतो : दुसऱ्यास दिसेल असे करणे.

सायमन बॅरन-कोहेन, जेन अॅलन व क्रिस्तोफर गिलबर्ग यांनी १९९२ मध्ये अठरा महिन्यांच्या मुलांसाठी जी चाळणी सुचविली, तिचा कणा हाच भेद होता. पालकांस विचारावयाचे नऊ प्रश्न आणि तपासणाऱ्याने पाहावयाच्या पाच गोष्टी, एवढाच तिचा विस्तार. निवेदनाचा अंगुलिनिर्देश, दुसऱ्याच्या नजरेमागे नजर नेणे आणि लुटुपुटीचा खेळ या तीन गोष्टी तिने निर्णायक मानल्या. ज्यांचे मोठे भावंड स्वमग्न होते अशा ४१ बालकांवर प्रथम ती वापरली गेली. चार बालके निर्णायक खुणांत कमी पडली आणि तिसाव्या महिन्यात त्याच चौघांचे निदान झाले. पुढे सुमारे सोळा हजार मुलांवर प्रयोग झाला. १९९६ च्या वृत्तान्तानुसार तिन्ही खुणांत सातत्याने कमी पडलेल्या बारा मुलांपैकी दहा स्वमग्न निघाली.

यश निर्विवाद दिसत होते. परंतु त्याच मुलांचा मागोवा घेतल्यावर २००० मध्ये जिलियन बेअर्ड व सहकाऱ्यांनी चित्राची दुसरी बाजू मांडली. पुढे ज्यांचे निदान झाले, त्यांपैकी ३८ टक्केच या चाळणीत सापडली होती. तीत अडकणारे मूल बहुधा खरोखरच तज्ज्ञाकडे जाण्याजोगे असे. मात्र निम्म्याहून अधिक मुले सुटून जात. म्हणून डायना रॉबिन्स व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तेवीस प्रश्नांची, सर्वस्वी पालकांच्या उत्तरांवर आधारलेली प्रश्नावली तयार केली. तिची २०१४ मधील सुधारित आवृत्ती वीस प्रश्नांची असून सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी आहे. पहिल्या फेरीत मध्यम धोका दिसल्यास प्रत्येक शंकास्पद उत्तराबाबत पालकांस उदाहरणे विचारून खात्री करण्याची दुसरी फेरी तीत आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये अठराव्या व चोविसाव्या महिन्यात सर्व मुलांची चाळणी करण्याची शिफारस केली. उलट, तेथील प्रतिबंधक सेवाविषयक कार्यदलाने २०१६ मध्ये, ज्यांच्याबद्दल कोणासही शंका नाही अशा मुलांच्या सरसकट चाळणीचे लाभ-हानी ठरविण्यास पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. ज्या मुलाबद्दल शंका आहे त्याची परीक्षा व्हावी, याविषयी मात्र मतभेद नाही.

२०१३ च्या निदानपुस्तिकेने भाषाविलंब हा स्वमग्नतेचा स्वतंत्र निकष म्हणून काढून टाकला आणि सामाजिक संवादातील उणीव व वर्तनातील ठरावीकपणा ही दोनच अंगे ठेवली. कॅनर यांच्या जुन्या निरीक्षणास अखेर व्याख्येत स्थान मिळाले.

भारतात हा इतिहास कायद्याच्या वाटेने आला. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिचा नामनिर्देश केला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमातील एकवीस प्रकारांत ती समाविष्ट झाली. दरम्यान २००९ मध्ये सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेत तयार झालेली भारतीय मापनश्रेणी प्रसिद्ध झाली. तीत सहा विभागांत चाळीस मुद्दे असून प्रत्येकास एक ते पाच गुण दिले जातात. म्हणजे एकूण गुण ४० ते २०० यांच्या दरम्यान पडतात आणि सत्तरच्या खालील गुणांस स्वमग्नता मानली जात नाही. प्रमाणपत्र व त्यावर अवलंबून असलेल्या सवलती यांच्याशी ही श्रेणी निगडित आहे. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबांची चाळणी अंतर्भूत आहे. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करणे व गरज असलेल्यांस जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठविणे, अशी तिची योजना आहे. म्हणजे अंगणवाडीच्या दारात मराठी बोलणारी आई आणि तिला प्रश्न विचारणारा परीक्षक समोरासमोर येतात. येथे भाषेचा प्रश्न प्रत्यक्ष होतो.

भारतीय श्रेणीत पुनरुच्चार व सर्वनामांची उलटापालट हे स्वतंत्र मुद्दे आहेत. या खुणा प्रथम इंग्रजी बोलणाऱ्या मुलांत टिपल्या गेल्या. मराठीत त्या कशा ऐकू येतील, याचा विचार व्याकरणाच्या आधारे करता येतो. होकारासाठी प्रश्नाची पुनरुक्ती ही कॅनर यांस विचित्र वाटली. मराठीत क्रियापदाची पुनरुक्ती हाच होकाराचा नित्य मार्ग आहे. ‘जेवलास का?’ या प्रश्नास ‘जेवलो’ हे स्वाभाविक उत्तर होय. भेद असतो तो शेवटच्या प्रत्ययात. मूल ‘जेवलास’ असेच म्हणाले, तर तेथे कान टवकारले पाहिजेत. ज्या बोलींत द्वितीय पुरुषातील हा ‘स’ उच्चारला जात नाही, तेथे फरक आणखी सूक्ष्म होतो.

याहून अवघड प्रकार पुढे आहे. भूक, तहान, झोप, इच्छा या लहान मुलाच्या रोजच्या गरजा मराठीत चतुर्थीच्या रचनेने व्यक्त होतात. ‘मला भूक लागली’, ‘तुला भूक लागली’ यांत क्रियापद भुकेप्रमाणे चालते. पुरुष दिसतो तो केवळ सर्वनामात, आणि सर्वनाम बोलताना सहज गळते. ‘दूध हवं?’ असे आईने विचारले आणि मूलही ‘दूध हवं’ म्हणाले, तर ते उत्तर आहे की प्रतिध्वनी, हे शब्दांवरून सांगता येत नाही. आईचा प्रश्नार्थक सूरही त्याने तसाच उचलला आहे काय, हे ऐकावे लागते. शिवाय आपल्याकडे मोठी माणसे बालकाशी बोलताना ‘आपण आंघोळ करू या’ असे म्हणतात किंवा त्याला नावानेच संबोधतात. त्यामुळे काही काळ मुलानेही स्वतःचा उल्लेख नावाने करणे हा विकार नव्हे. अर्थात सर्वनामांच्या उलटापालटीचा मुद्दा मराठी मुलाबाबत केवळ भाषांतरित प्रश्नाने तपासला, तर खरी खूण निसटण्याचा आणि स्वाभाविक गोष्ट खूण ठरण्याचा, असा दुहेरी धोका संभवतो.

हावभावांच्या खुणा भाषेच्या सीमा अधिक सुलभपणे ओलांडतात; पण त्यांसही स्थानिक रूप द्यावे लागते. इंग्लंडमधील चाळणीत खेळण्यातली किटली व कप देऊन चहा करावयास सांगत. आपल्याकडे भातुकलीतील बोळकी तेच काम करतील. विमानाकडे बोट दाखवतो का, या प्रश्नाऐवजी चांदोबा किंवा काऊ दाखवतो का, असे विचारणे अधिक सयुक्तिक होईल. त्यातही ‘मागताना दाखवतो की नुसतेच दाखवतो, आणि दाखवून तुमच्याकडे पाहतो का,’ असा भेद करून विचारले पाहिजे. ‘बोट दाखवतो का’ या एका प्रश्नास आईने दिलेला होकार मागणीच्या बोटाबद्दल असू शकतो आणि मग चाळणी व्यर्थ जाते.

मूल बोलत नाही म्हणून चिंतेत पडलेल्या आईस आपल्याकडे ठरलेले उत्तर मिळते : मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही उशिराच बोलला. या सांत्वनात तथ्य असते तेव्हाही त्याचा आधार चुकीचा असतो. कारण ते केवळ वाणीकडे पाहते. उशिरा बोलणारे परंतु अन्यथा निकोप मूल बोटाने, नजरेने, ओढून नेऊन सगळे घर आपल्याबरोबर पाहावयास लावते. जे मूल अठराव्या महिन्यातही काही दाखवीत नाही, हाकेस वळत नाही, त्याची श्रवणपरीक्षा प्रथम व विकासाची परीक्षा लागोपाठ व्हावी. याउलट, वेळेवर व अस्खलित बोलणारे मूलही संवादात कोरडे असू शकते. बोलते आहे म्हणून त्याची परीक्षा टाळणे हीदेखील वाणीवरील अवास्तव भिस्तच होय.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा. परीक्षा जेव्हा जेव्हा घरातील साक्षीवर विश्वासली आणि वाणीच्या मागे जाऊन संवादाचे मूळ शोधू लागली, तेव्हा तेव्हा ती अचूकतेकडे सरकली. आईकडे बोट दाखविण्यात जी वर्षे गेली, ती मुलाचे बोट पाहण्याच्या कामी आली असती. महाराष्ट्रात हे काम पुढे न्यावयाचे, तर निकोप मराठी मूल कोणत्या महिन्यात काय दाखवते, ‘मी’ व ‘तू’चे प्रत्यय केव्हा वेगळे करते, वेगवेगळ्या बोलींत होकार कसा देते, याच्या पद्धतशीर नोंदी हव्यात. या नोंदींवाचून परीक्षक मराठी मुलास परक्या मापाने मोजीत राहणार. वैद्यकाने आपले काम बरेच पुढे नेले आहे. या नोंदी करणे हे भाषाविभागांचे काम आहे, आणि अंगणवाडीच्या दारात उभ्या असलेल्या मुलाचे वय त्यासाठी थांबणारे नाही.